साहेब, गरिबी सिद्ध करायला दीड वर्ष लागतं

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला कोर्ट फी माफ करण्याबद्दल, आणि जी माफी आधीच कायद्यात आहे ती खिडकीपर्यंत पोचवण्याबद्दल

साहेब, मॅडम, खुर्चीवर जे कोणी असाल त्यांना नमस्कार.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवते. दुकान म्हणजे आठ बाय सहाची टपरी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर निंबाच्या झाडाखाली दोन बाकडी. अठरा वर्षं झाली. सुरुवातीला टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर घेतला, आता ई-फायलिंगच्या पीडीएफ पण करून देते. मी वकील नाही, कायदा कॉलेजात शिकलेली नाही, पण दावे, कैफियती, वकीलपत्रं, अॅफिडेव्हिट इतके टाइप केलेत की कोणत्या कागदाला किती तिकीट लागतं हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. आमच्याकडे खेड्यातला माणूस सरळ वकिलाकडे जात नाही, त्याला भीती वाटते, तो आधी माझ्या बाकड्यावर येऊन बसतो, पाणी मागतो आणि विचारतो, ताई, किती लागतील? काय झालं, कोणी केलं, कधी केलं हे सगळं नंतर. आधी किती लागतील. मला या पत्रात फक्त त्या एका प्रश्नाबद्दल बोलायचंय.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, नाव गाव सांगत नाही. एक बाई आली, तिशीतली असेल. तिचा नवरा हमाली करायचा. बाजाराच्या दिवशी जोराचा पाऊस आला म्हणून तो सायकल धरून एका गोदामाच्या भिंतीला लागून उभा राहिला आणि ती भिंतच अंगावर आली, जागेवर गेला. बाईकडे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती, त्यात पंचनामा, पीएम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, सगळं नीट घड्या घालून ठेवलेलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की दहा लाखाचा दावा टाक. मी भिंतीवर लावलेल्या फीच्या तक्त्यात बघितलं आणि आकडा सांगितला. पाच आकडी होता. ती काही बोलली नाही. पदराची गाठ सोडली, त्यातले पैसे मोजले, तीनशे चाळीस रुपये होते, परत गाठ मारली. मग म्हणाली, "ताई, मनाजोडे इतला पैसा ऱ्हातात तं मी कोर्टमा कसाले येती?"

आणि गेली. तिने काय केलं तर पैसे जमवायला लागली. बकऱ्या विकल्या, भिशी लावली, भावाकडून थोडे घेतले, कापूस वेचायला जायची रोजाने. जेव्हा फीपुरते जमले तेव्हा परत आली, तोपर्यंत नवऱ्याला जाऊन दोन वर्षं चार महिने झाले होते. वकील साहेबांनी कागद बघितले आणि सांगितलं की मुदत गेली. असा अपघाती मृत्यूचा दावा १८५५ च्या फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्टखाली चालतो, त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं, आणि दाव्याला उशीर माफ करून मिळत नाही, अपिलाला मिळतो पण दाव्याला नाही. म्हणजे ज्या फीसाठी ती थांबली त्या थांबण्यानेच तिचा दावा मेला.

आता पुढचं ऐका. त्या बाईला एक रुपया फी लागणारच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, त्याच्या कलम १२ मध्ये सरळ लिहिलंय की बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, अपंग असेल, कारखान्यातला कामगार असेल, कोठडीत असेल, पूर-दुष्काळात सापडलेला असेल तर त्याला मोफत विधी सेवा मिळेल, यांना उत्पन्नाची अटच नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख. आणि मोफत सेवा म्हणजे नुसता वकील नाही, कोर्ट फी, प्रोसेस फी, कागदपत्रांचा खर्च हे सगळं त्यात येतं. ती बाई होती, एवढंच पुरेसं होतं. दुसरा रस्ता पण होता, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ३३, ज्याला आमच्याकडे अजून जुनी वकील मंडळी पॉपरचा दावा म्हणतात आणि खेड्यात नादारीचा अर्ज म्हणतात, म्हणजे पैसे नाहीत म्हणून आधी फी न भरता दावा टाकायची परवानगी मागायची. त्यात तर असं आहे की तुम्ही ज्या दिवशी नादारीचा अर्ज देता तोच दिवस दावा दाखल केल्याचा धरतात, मुदतीच्या कायद्यातच तसं लिहिलंय. नंतर अर्ज नाकारला गेला तरी कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकतं आणि तारीख पहिलीच धरली जाते. म्हणजे ती ज्या दिवशी तीनशे चाळीस रुपये घेऊन माझ्या बाकड्यावर बसली होती त्याच दिवशी तिचा अर्ज आत गेला असता तर तिचा दावा आज जिवंत असता.

हे तेव्हा मला माहीत नव्हतं. कोर्टाच्या दारात बसून अकरा-बारा वर्षं झाली होती आणि मला माहीत नव्हतं. मी तिला आकडा सांगितला, हक्क सांगितला नाही. खिडकीवरच्या क्लार्कने पण सांगितला नाही, त्यालाही ती आधी विचारून आली होती. कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ल्याचा बोर्ड होता, तो ती वाचू शकत नव्हती. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही आणि म्हणूनच मी नंतर एकेक कायदा मिळवून वाचायला लागले, वकील मंडळींना विचारायला लागले, कधी कधी ते वैतागतात पण सांगतात.

वाचल्यावर कळलं की माफी माफी म्हणतात ती बऱ्याच ठिकाणी माफी नाहीच, ती उधारी आहे. ऑर्डर ३३ मध्ये नादार माणसाला दावा टाकताना फी भरावी लागत नाही एवढंच. तो जिंकला तर फीची रक्कम सरकार वसूल करतं आणि दाव्यातल्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा असतो, ते मी समजू शकते, जिंकलाय, पैसे आलेत, घ्या. पण तो हरला तर कोर्ट त्यालाच फी भरायचा हुकूम देतं, हुकुमाची नक्कल कलेक्टरकडे जाते आणि मग ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला कायद्याच्या पुस्तकापेक्षा चांगलं माहितीय, तलाठी येतो, नोटीस लावतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो.

माझ्याकडे एक बाबा यायचे, पंच्याहत्तरीचे. दोन एकर कोरडवाहू, थोडं बटाईने केलेलं. एका व्यापाऱ्याने त्यांचा दोन हंगामांचा कापूस घेतला, कच्च्या चिठ्ठीवर, आज देतो उद्या देतो करत एक लाख सत्तर हजार बुडवले. खान्देशात हे काय नवीन नाही, दर दोन-चार वर्षांनी कुठला तरी व्यापारी शेतकऱ्यांचे पैसे घेऊन पसार होतो. बाबा आधी मोफत वकिलासाठी गेले, तिथे उत्पन्नाचा दाखला मागितला, सेतूत गेले तर तलाठ्याचा रिपोर्ट आणा, तलाठ्याकडे गेले तर ते दुसऱ्या सजाच्या गावाला, असं करत दोन महिने गेले. इथे मला एक सांगायचंय जे फार कमी लोकांना माहितीय. त्याच विधी सेवा कायद्याच्या कलम १३ मध्ये लिहिलंय की माणसाने स्वतःच्या उत्पन्नाबद्दल केलेलं शपथपत्र पुरेसं धरता येईल, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण असेल तरच वेगळा विचार. तहसीलदाराचा दाखला आणाच असं कुठे नाहीये. आणि कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही हे पण राज्य सरकारने २००४ सालीच जाहीर केलंय, तरी आजही लोक माझ्याकडे स्टॅम्प पेपर हातात घेऊनच येतात, कारण कोणीतरी कुठेतरी त्यांना सांगितलेलं असतं की कोऱ्या कागदावर चालणार नाही. आता तर शंभराचा स्टॅम्प पण बंद झाला आणि पाचशेचा घ्यावा लागतो. ज्याला गरिबी सिद्ध करायचीय त्याचा पहिला खर्च पाचशे रुपये.

शेवटी बाबांच्या वकिलाने ऑर्डर ३३ चा अर्ज करायचं ठरवलं. त्या अर्जाला माणसाच्या सगळ्या मालमत्तेची यादी जोडावी लागते, किमतीसकट. ती यादी मी टाइप केली. मी म्हटलं बाबा, घरातली भांडी, अंथरूण, बैल, औतफाटा, बियाणं हे यात धरत नाहीत, कारण जे जप्त करता येत नाही ते मोजायचंच नाही असं कायदा म्हणतो. पण बाबा ऐकायला तयार नाहीत, म्हणाले पोरी खोटं नको व्हायला, सगळं लिही. मग मी लिहिलं, लोखंडी पेटी एक, खाटा दोन, पितळी ताटं तीन, कळशा दोन पैकी एक फुटकी, कोट एक, घड्याळ बंद. फुटक्या कळशीची किंमत काय लिहू विचारलं तर म्हणे दहा रुपये लिही, भंगारवाला तेवढे देतो. तो कागद कोर्टात गेला आणि तीन-चार महिन्यांनी व्यापाऱ्याच्या वकिलाने त्यावर हरकत घेतली की यांच्याकडे दोन एकर जमीन आहे, ती विकून फी भरता येते. त्या दोन एकरावर सोसायटीचा बोजा होता. आणि ती विकली असती तर बाबा खाणार काय हा प्रश्न त्या कागदात कुठेच नव्हता.

मग चौकशी. कोर्टाच्या कर्मचाऱ्याने चौकशी करायची, मग सरकारी वकिलाला नोटीस, मग समोरच्याला नोटीस, नियमात दहा दिवसांची नोटीस आहे पण प्रत्यक्षात नोटीस बजावून परत यायलाच तीन तारखा जातात, मग अर्जदाराची साक्ष, मग सरकारी वकिलांचं म्हणणं यायचंय म्हणून तारीख, ते आलं तर जज साहेबांची बदली. एकोणीस महिने. दावा सुरू व्हायच्या आधीचे एकोणीस महिने, नुसतं एवढंच ठरवायला की हा माणूस गरीब आहे. ठरलं शेवटी, परवानगी मिळाली. मग दावा चालला आणि बाबा हरले, कारण कच्ची चिठ्ठी, सही नाही, साक्षीदार फुटला. आणि मग तलाठी आला. कापूस गेला, पैसे गेले, वर सरकारची फी डोक्यावर. बाबा म्हणाले, पोरी, यापेक्षा त्यालेच सोडी देतू तं बरं व्हतं. गावात ही गोष्ट कळली त्यानंतर त्या गावातून माझ्याकडे नादारीचा अर्ज करायला एकही माणूस आला नाही. मी मोजून सांगते, एकही नाही.

साहेब, मला माहितीय की वकील लोक म्हणतील हा नियम फार जुना आहे. जुना आहे हे खरंच. इंग्रजांच्या काळापासून त्यात पॉपर म्हणजे कंगाल असा शब्द होता, तो १९७६ च्या दुरुस्तीत काढला आणि त्या जागी नादार व्यक्ती आलं. त्याच १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आलं, की पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये. एकाच वर्षी दोन्ही गोष्टी केल्या म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या मनात काहीतरी असणार. पण शब्द बदलला आणि वसुली तशीच ठेवली. सुप्रीम कोर्टात १९७९ मध्ये हरियाणा सरकार विरुद्ध दर्शना देवी अशी केस झाली होती, सरकारी बसच्या अपघातात गेलेल्या माणसाची बायको आणि मुलगी भरपाई मागत होत्या आणि हरियाणा सरकार म्हणत होतं की यांनी आधी फी भरावी. कोर्टाने सरकारलाच सुनावलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर होते. ते वाचताना मला सारखी ती गोदामाच्या भिंतीवाली बाई आठवत होती.

आता डोंगराकडच्या लोकांचं. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर, साक्री या भागातून दिवाळीनंतर गाड्या भरभरून लोक गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोली, सुरतकडे, ते थेट उन्हाळ्यातच परत येतात. नादारीचा अर्ज नियमाप्रमाणे माणसाने स्वतः हजर राहून द्यायचा असतो, कोर्टाने सूट दिली तरच अधिकृत प्रतिनिधीमार्फत. फडावरचा माणूस तारखेला येतो कसा? मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा झाला तर पैसे कापतात, एसटीचं भाडं वेगळं. दोन तारखा चुकल्या की अर्ज निकाली. आणि हे लोक बहुतेक आदिवासी आहेत, म्हणजे विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न किती हा प्रश्नच विचारायचा नाहीये त्यांना, जातीचा दाखला पुरे, तरी माझ्यासमोर एका भावाला उत्पन्नाचा दाखला मागितलेला मी ऐकलाय.

आणि ज्यांच्याकडे जमीन होती पण गेली त्यांचं तर वेगळंच. आमच्याकडून सुरत-नागपूर हायवे चौपदरी झाला, धरणं झाली, कॅनॉल झाले, जमिनी गेल्या. भरपाई कमी वाटली तर भांडत भांडत हायकोर्टापर्यंत जावं लागतं, आणि खान्देशाला हायकोर्ट म्हणजे औरंगाबादचं खंडपीठ, नंदुरबारहून जवळपास अडीचशे किलोमीटर. तिथे भूसंपादनाच्या अपिलात फी कशावर लागते, तर जेवढे मिळाले आणि जेवढे मागताय त्यातल्या फरकावर. मग शेतकरी काय करतो, जमिनीचा खरा भाव किती याचा हिशोब न करता आपल्याला फी किती भरता येईल याचा हिशोब करतो आणि तेवढंच मागतो. मी असे अपिलाचे कागद टाइप केलेत ज्यात वकील साहेब विचारतात बोला किती मागायचे, आणि शेतकरी बायकोकडे बघतो, ती डोकं हलवते, मग आकडा कमी करतात, परत कमी करतात. जमीन सरकारने घेतली, भाव सरकारने ठरवला, आणि तो भाव कमी आहे असं म्हणायची फी पण सरकारच घेतंय. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये भागसिंग यांच्या केसमध्ये सरकारला स्पष्ट सांगितलं की फी कमी भरली या कारणाने शेतकऱ्याची योग्य भरपाई अडवू नका, फरकाची फी नंतर भरू द्या. २०१७ मध्ये पण मागितलेल्यापेक्षा जास्त भरपाई देता येते असा निकाल आला. पण हे दिल्लीपर्यंत पोचलेल्या लोकांसाठी. जो आकडा कमी करून खंडपीठातच थांबला त्याचं काय?

तुम्ही म्हणाल फी काय फार नाही. तर ऐका, १६ जानेवारी २०१८ पासून राज्यात कोर्ट फी वाढली, जास्तीत जास्त फीची मर्यादा ३ लाखावरून १० लाखावर गेली. म्हणजे वर मर्यादा आहे. शंभर कोटीचा दावा टाकणाऱ्याला पण १० लाखाच्या वर भरायची गरज नाही. फीच्या त्या कायद्यात खाली मात्र अशी कुठलीच रेघ नाही की ज्याच्या घरात इतकं इतकंच येतं त्याच्याकडून काही घेऊ नका. मोठ्यासाठी थांबायची जागा ठेवली, लहानासाठी नाही ठेवली. मला हे बरोबर वाटत नाही आणि कितीही वेळा वाचलं तरी बरोबर वाटणार नाही.

आणि असं करता येत नाही असंही नाही, सरकारने स्वतःच करून दाखवलंय. माहिती अधिकारात दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, कार्डाची झेरॉक्स जोडली की झालं, कोणी त्याच्या घरी जाऊन कळशा मोजत नाही. ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीच नाही, गरीब असो की श्रीमंत. कपाशीचं बियाणं बोगस निघालं, केळीची रोपं खराब निघाली तर रावेर-यावलचा शेतकरी तिथे फुकटात जाऊ शकतो, बियाण्याच्या बाबतीत शेतकरी ग्राहक आहे हे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलंय. मग बियाणं विकत घेताना फसलेल्याला फी नाही आणि तेच बियाणं पेरून पिकवलेला कापूस विकताना फसलेल्याला फी, वर एकोणीस महिने चौकशी, हा फरक मी त्या बाबांना कसा समजावू?

बायकांसाठी पण आहे एक. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात बायकांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार प्रकारच्या केसेसमध्ये कोर्ट फी माफ केली. खूप चांगलं काम झालं ते, कित्येक बायका त्याच्यामुळे उभ्या राहिल्या, मी बघितल्यात, पोटगीचा अर्ज घेऊन आलेली पोरगी फी नाही म्हटल्यावर कशी सरळ बसते ते मी बघितलंय. पण तीस वर्षं झाली आणि अजून मालमत्तेचा वाद म्हणजे नेमका कोणता यावर खिडकीवर वाद होतो, एक जण म्हणतो नवऱ्या-बायकोच्या भांडणातलीच मालमत्ता, दुसरा म्हणतो भावाकडून हिस्सा मागणारी बहीण पण त्यात आली. मी एकाच कोर्टात दोन वेगवेगळी उत्तरं ऐकलीत. बहिणीने हिस्सा मागायचा म्हणजे आधीच माहेर तुटायची तयारी ठेवून ती आलेली असते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आता कोणी मूळ लावणार नाही, माहेरी न्यायला येणार नाही हे तिला ठाऊक असतं, तिथे फीवरून उलटसुलट ऐकलं की ती परत जाते. आणि नवरा भिंतीखाली गेलेली बाई त्या चार प्रकारांत कुठेच बसत नाही.

काही लोक म्हणतात, वकील मंडळींत पण आहेत, की फी माफ केली तर खोट्या केसेसचा पूर येईल. मी एवढंच म्हणेन की अठरा वर्षांत मी खोट्या केसेस पण टाइप केल्यात, नाही कशाला म्हणू, आणि त्या टाकणाऱ्यांनी फी खणखणीत मोजून भरली. शेजाऱ्याला सतवायचं असेल तर माणूस फीला घाबरत नाही. उलट नादारीच्या अर्जात चाळणी आधीच आहे, दाव्याला कारणच नसेल तर अर्ज नाकारता येतो, नंतर पैसा निघाला किंवा वागणूक वाईट दिसली तर परवानगी काढून घेता येते, अर्जाच्या आधी दोन महिन्यांत मुद्दाम मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली तर अर्ज जातो, आणि शपथपत्र खोटं निघालं तर तो गुन्हा आहे. एवढं सगळं हातात असताना गरिबाला दारातच उभं ठेवायची गरज काय?

आता मागणी. कोर्ट फी हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्र कोर्ट फी कायद्याच्या कलम ४६ मध्ये फी कमी करायचा किंवा पूर्ण माफ करायचा अधिकार राज्य सरकारला आहे, १९९४ ची माफी त्यातूनच आली. विधानसभेत बिल आणावं लागत नाही, राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि ती तुमच्या विभागातून निघते. म्हणून पत्र तुम्हाला लिहिलंय, दुसऱ्या कोणाला नाही. अधिसूचना काढा की विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये जो बसतो त्याला दाव्याची, अर्जाची, अपिलाची फी माफ, आणि माफ म्हणजे माफ, हरला तरी कलेक्टरकडे कागद जायचा नाही. जिंकला तर घ्या, मी आधीच म्हटलं. पुरावा म्हणून शपथपत्र किंवा पिवळं-केशरी रेशनकार्ड किंवा जातीचा दाखला, यातलं एक. मालमत्तेचा वाद या शब्दात बहिणीचा हिस्सा येतो हे लिहून टाका, आणि घरातला कमावता माणूस गेल्याची भरपाई मागणारी बाई पण त्यात घाला. भूसंपादनाच्या अपिलात फी नंतर, वाढीव भरपाई मिळाली तर तिच्यातून कापा. ऑर्डर ३३ च्या चौकशीला वेळेची मर्यादा घालणं हे हायकोर्टाच्या हातात आहे, नियम ते करतात, पण विभागाने विनंती तर करावी, आणि सरकारी वकिलांना तर तुम्हीच सांगू शकता की नादारीच्या अर्जावर म्हणणं पंधरा दिवसांत द्या.

आणि खिडकीवर एक कागद लावा, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि आमच्याकडे अहिराणीत, पावरीत, भिलीतही, आणि जो वाचू शकत नाही त्याला क्लार्कने तोंडाने सांगायचं असा हुकूम काढा. फीचा आकडा सांगायच्या आधी सांगायचं. मी माझ्या टपरीवर लावलाय तसा कागद, फीच्या तक्त्याच्या वर, १५१०० हा विधी सेवेचा टोल फ्री नंबर पण त्यावर लिहिलाय. आता कोणी किती लागतील विचारलं की मी आधी विचारते, बाई आहेस का, आदिवासी आहेस का, घरात वर्षाला किती येतं. लोक दचकतात, त्यांना वाटतं मी पैसे काढायला विचारतेय.

तालुक्याच्या वकील मंडळींना पण हात जोडून एक सांगते, तुम्ही माझी रोजीरोटी आहात, वाईट वाटून घेऊ नका, पण पक्षकाराला फीचा आकडा सांगण्याआधी दोन मिनिटं हे विचारत जा.

मी वर ज्या भावाला उत्पन्नाचा दाखला मागितल्याचं लिहिलं त्याचा नादारीचा अर्ज घराच्या जागेच्या दाव्यासाठी आहे. सोमवारी त्याच्या साक्षीची तारीख आहे. मागच्या दोन तारखांना तो बारडोलीहून रात्रभर प्रवास करून आला आणि दोन्ही वेळा सरकारी वकिलांचं म्हणणं आलेलं नव्हतं. काल त्याने फडावरून फोन केला, मागे कोयत्याचे आवाज येत होते, विचारत होता की ताई यावेळी नक्की होईल ना, नाहीतर मुकादम सोडत नाही. मी त्याला ये म्हटलंय.

आपली,
कोर्टासमोरची एक टायपिस्ट, खान्देश